दुपारची विद्यार्थिनी

१

थोरलीची सकाळ ठरलेली असे. अप्पांना तोंड धुवायला पाणी द्यायचं, गोळ्या हातावर ठेवायच्या, त्या खरंच गिळल्या की गालात दडवल्या ते बघायचं, आणि मग स्वतःचा चहा घेऊन जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा. ऑफिसला निघेपर्यंतचा तेवढा वेळ तिचा. नोकरी पोटासाठी होती. हा वेळ ‘पडताळा’साठी होता.

‘पडताळा’ ही तिने उभी केलेली लायब्ररी. पुस्तकांची नव्हे, कोडची. ज्याला आपल्या प्रोग्रॅममध्ये सरासरी काढायचीय, शक्यता मोजायचीय, आकड्यांच्या चौकटी गुणायच्यात, त्याने हे तयार गणित उचलावं आणि कामाला लागावं. दाम नाही, परवानगी लागत नाही. शिवाय सगळं उघडं. कुणीही आत डोकवावं, चूक सापडली तर दुरुस्त करून पाठवावी. ती घ्यायची की परत करायची, हे मात्र थोरली ठरवणार. कुठली दूरदूरची माणसं तिच्या एका होकारासाठी वाट बघत. हे तिला मनातून फार आवडायचं. कुणाला ती ते सांगायची नाही, एवढंच.

नाव अप्पांमुळे पडलं. अप्पा म्हणजे तिचे वडील, आयुष्यभर गणिताचे मास्तर. लहानपणी ती गणित सोडवून पाटी पुढे करायची, तेव्हा अप्पा मान वर न करता विचारायचे, “पडताळा पाहिलास?” झालं. आळीतल्या ढ पोराने बेरीज जमवली तरी त्याच्या पाठीवर थाप पडायची. धाकटी बहीण तर नापास होऊनसुद्धा अप्पांच्या मांडीवर. थोरलीच्या वाट्याला मात्र तो एक प्रश्न. आता धाकटी लग्न होऊन लांब गेली होती, अप्पांची स्मृती उसवत चालली होती, आणि प्रश्न तेवढा तिच्यापाशी उरला होता.

त्या सकाळी एका नव्या माणसाने बदल पाठवला होता. टोपणनाव होतं ‘बाकी’. भागाकारात उरते ती.

आकडे सरासरीपासून किती विखुरलेत हे काढणारा एक भाग ‘पडताळा’त होता, आणि त्यात एक जुनी खोड होती. आकडे खूप मोठे आणि एकमेकांच्या अगदी जवळचे असले की वजाबाकीत शेवटचे अंक गळून जात आणि उत्तर कधीकधी उणे यायचं. विखुरणं उणे! म्हणजे माणसाची उंची उणे निघण्यासारखंच. थोरलीने त्या खोडीपायी कितीतरी सकाळी घालवल्या होत्या. बाकीने ती सहज काढून टाकली होती. कोड आखूड, स्वच्छ, इस्त्रीच्या कपड्यासारखं. दोष शोधायला म्हणून थोरलीने ते वाचलं, पुन्हा वाचलं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

मग तिला त्या कोडमधली टिपणाची एक ओळ दिसली. इतर सगळ्या टिपा जगभरच्या लोकांना कळाव्यात म्हणून इंग्रजीत, आणि ही एकच आपल्या भाषेत.

‘पायरी गाळायची नाही. घाई केली की उत्तर रागावतं.’

चहा निवला. उत्तर रागावतं, असं जगात एकच माणूस म्हणायचं, आणि ते मागच्या खोलीत गालात गोळी धरून बसलं होतं.

२

“अप्पा, तुमचा कुणी विद्यार्थी आहे का, आता प्रोग्रॅमिंग करणारा?” संध्याकाळी तिने विचारलं.

अप्पांच्या खोलीत एक कॉट, एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर एक छोटा फळा होता. फळा डॉक्टरांनी सुचवला होता. हात चालता राहील, डोकं गुंतून राहील म्हणून. त्यावर अप्पा दिवसभर काहीबाही लिहीत आणि पुसत.

“विद्यार्थी खंडीभर,” अप्पा म्हणाले. “पण चांगली म्हणशील तर ही पोरगी.”

“कुठली?”

“येते ती. दुपारची.” त्यांनी खडूची पूड मांडीवरून झटकली. “गोड मुलगी आहे. घाई करत नाही.”

थोरलीच्या काळजात आधी भीती उठायला हवी होती. घरात आजारी म्हातारा, दुपारी कुणी अनोळखी बाई येऊन बसते, हे ऐकून कुणाचीही झोप उडावी. पण आधी उठला तो हेवा. चांगली. गोड. दोन्ही शब्द अप्पांकडे होते तर. संपले नव्हते.

“कोण आहे ती? नाव काय?”

“नाव कशाला लागतं शिकायला?” असं म्हणून अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं.

३

‘पडताळा’च्या कामात थोरलीला एकाच माणसाची जोड होती. तो तिच्याच ऑफिसात, दोन रांगा सोडून बसायचा. ताडमाड उंच म्हणून सगळे त्याला लांब्या म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा.

“हा बाकी कोण आहे गं?” लांब्या कॉफीच्या यंत्रापाशी म्हणाला. “वेड लावलंय पोराने. काल अजून काही बदल पाठवलेत, बघितलेस? चौकटीचा व्यस्त काढायचा तो आपला भाग, ज्याला हात लावायची माझी छाती होत नव्हती, तो त्याने असा लिहिलाय की वाचताना बरं वाटतं. मी म्हणतो, त्याला आपल्यासारखेच हक्क देऊन टाकू. प्रत्येक वेळी तुझ्या होकाराची वाट कशाला बघायची त्याने?”

“इतक्यात नको.”

“का?”

“ओळख ना पाळख. उद्या काही घुसडलं म्हणजे?”

“सगळं उघडं असतं, लोक वाचतात. घुसडेल कसं?” लांब्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग हसला. “पोटात दुखतंय होय तुझ्या?”

“गप रे.” ती हसली खरी, पण ते तिला नाकाला मिरची लागल्यासारखं झोंबलं. कारण ते दुखतच होतं. लोक आभाराच्या चिठ्ठ्या लिहीत होते. एका हवामानवाल्याने लिहिलं होतं, ‘इतक्या वर्षांत कुणाला का सुचलं नाही?’ कुणाला म्हणजे कुणाला, ते थोरलीला बरोबर कळलं.

जागेवर येऊन तिने डोक्यात हिशेब मांडला. अप्पांची जुनी विद्यार्थिनी असणार. मास्तरांची आठवण आली, पत्ता शोधला, येऊन बसायला लागली. अप्पांच्या डोक्यात अजून जे जिवंत आहे ते गोड बोलून काढून घेते आणि कोड करून पाठवते. यात गूढ काही नाही. चोरी आहे, फार तर. हे पटलं तेव्हा तिला जरा हुशारी वाटली आणि तिने बाकीला थेट निरोप धाडला.

‘तुम्ही मास्तरांच्या विद्यार्थिनी होतात का?’

उत्तर लगेच आलं.

‘अजून आहे.’

४

अप्पांपाशी दिवसभर एक मावशी असायच्या. तोंडाने फटकळ, हाताने प्रेमळ. अप्पांना आंघोळ घालताना शिव्या खायच्या आणि परत द्यायच्या. थोरलीने त्यांना स्वयंपाकघरात गाठलं.

“मावशी, खरं सांगा. दुपारी घरी कोण येतं?”

“कोण येणार? मी नि तुमचे अप्पा. आणि तुम्ही.”

“मी?”

मावशींनी भांडं घासता घासता वर पाहिलं. “असं काय करता ताई? तुम्ही दुपारच्या येता ना. येऊन बसता अप्पांपाशी. म्हणून तर मी बाजाराला जाते तेव्हा. तुम्हीच म्हणालात, मी आहे, तुम्ही या पाय मोकळे करून.”

“मी असं कधी म्हटलं?”

“आता बघा!” मावशी वैतागल्या. “चहा विचारला तर नको म्हणता. नुसत्या हसता. मी आपली म्हणते, बरं झालं, लेक बसायला लागली बापाजवळ. संध्याकाळी परत कशा त्रासलेल्या येता, ते तुम्हालाच माहीत.”

नळ चालू होता. थोरलीने तो बंद केला, कारण पाण्याच्या आवाजात मागच्या खोलीत खडू ओढल्यासारखं ऐकू येत होतं. नळ बंद केल्यावर तसं काही नव्हतं.

मावशी खोटं बोलताहेत, असं तिने ठरवलं. दुपारी म्हाताऱ्याला एकटं टाकून भटकायला जात असणार. ती संधी साधून कुणीतरी आत येतं. पकडल्या गेल्या म्हणून ही थाप. सगळं नीट बसत होतं. फक्त मावशींना थाप मारता येत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं. दूध उतू गेलं तरी त्या आधी स्वतःच ओरडून सांगायच्या.

खोलीत कॅमेरा लावावा, हेही मनात आलं. पण बापावर कॅमेरा? तिने तो विचार झटकला. आणि खरं सांगायचं तर तिला त्या बाईला कॅमेऱ्यात बघायचं नव्हतं. दंडाला धरून उठवायचं होतं.

५

ती दुपारी ऑफिसातून न सांगता निघाली. इमारतीचा जिना ओळखीचा, पण दुपारी त्याचा रंग निराळा होता. ज्या उन्हात ती कधी घरी नसायची ते ऊन पायऱ्यांवर पसरलेलं होतं. कुणाच्यातरी घरी मिक्सर चालला होता, तो थांबला. तिने किल्ली लावली आणि दार अलगद ढकललं.

मावशी नव्हत्या. स्वयंपाकघराचा ओटा पुसलेला. मागच्या खोलीचं दार लोटलेलं, आणि आतून अप्पांचा आवाज येत होता.

तो आवाज तिने आयुष्यात ऐकला नव्हता. म्हणजे अप्पांचाच होता, पण त्यात ऊब होती. “हं, आता बघ,” अप्पा म्हणत होते. “इथून हे वजा केलंस तर काय हातात राहील? काहीच नाही. म्हणून आधी काय करायचं?”

मग दुसरा आवाज आला. हळू, न लाजता.

“मला कळलं नाही. परत सांगा ना.”

थोरली खोलीबाहेरच्या बोळात भिंतीला टेकली. आपलाच आवाज रेकॉर्डिंगमध्ये ऐकला की कसा ओशाळवाणा, परका वाटतो, अगदी तसं तिला झालं. पण शब्द तिचे नव्हते. मला कळलं नाही, हे ती अप्पांसमोर कधी म्हणालीच नव्हती. न कळताही मान डोलवायची, आणि मग आपल्या खोलीत जाऊन रडत सोडवायची. तिला वाटायचं, कळलं नाही म्हटलं तर अप्पा उठून जातील.

अप्पा उठून गेले नाहीत. हसले. “परत सांगतो की. हजारदा सांगतो.” खडू फिरला. खुर्ची करकरली. आणि मग ते आलं, थापेचा आवाज, पाठीवर पडलेल्या हाताचा. “शाब्बास, बाळ.”

तिने दार लोटून आत पाऊल टाकलं.

अप्पा एकटे होते. फळा भरलेला होता. अप्पांच्या थरथरत्या अक्षरांखाली नीट, सरळ अक्षरात एकेक पायरी उतरत गेलेली. दुसरी खुर्ची टेबलापासून जराशी मागे सरकलेली. खिडकीला गज. थोरलीने पडदा ओढून पाहिला, कॉटखाली पाहिलं, कपाट उघडून अप्पांचे सदरे बाजूला केले, आणि सदऱ्यांमागे हात घालत असताना तिला स्वतःचीच शरम वाटली. मग तिने खुर्चीच्या बैठकीवर तळवा ठेवला. गरम होती. उन्हाने असेल, तिने मनाला सांगितलं. ऊन समोरच्या भिंतीवर होतं.

“काय हवंय तुम्हाला?” अप्पांनी विचारलं.

तुम्हाला. तिच्याकडे ते असे बघत होते जसे वर्गात मध्येच घुसलेल्या शिपायाकडे बघावं.

“अप्पा, इथे कोण बसलं होतं?”

“तुम्हाला काय करायचंय?” त्यांनी फळ्यासमोर हात आडवा धरला. “तिला त्रास देऊ नका.”

६

जे थोरलीने पुढे केलं ते तिच्या स्वभावात नव्हतं, असं तिला ओळखणारा कुणीही सांगेल. तिने बाकीला ‘पडताळा’तून काढून टाकलं. दार बंद, पुन्हा काही पाठवता येणार नाही असं. त्या नावावरचे सगळे बदल मागे घेतले. आणि वर सगळ्यांना वाचता येईल अशी सूचना लावली: हे काम दुसऱ्याच्या डोक्यातून चोरलेलं असल्याचं कळल्यावरून काढण्यात येत आहे.

लांब्या तिच्या टेबलापाशी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“पुरावा आहे तुझ्याकडे?”

“मला माहीत आहे.”

“हे उत्तर झालं? एवढ्या चांगल्या माणसाला तू भर चौकात चोर म्हणालीस. आणि ती जुनी खोड परत आली, ते कळतंय का तुला? एका इस्पितळातल्या मुलीने लिहिलंय, तिची सगळी उत्तरं पुन्हा उणे येताहेत.”

“मी करीन दुरुस्त.”

“तू कधीपासून करतेयस,” लांब्या म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्यालाच वाईट वाटलं. पण शब्द सुटले होते.

काढून टाकलेल्या माणसाला निरोप पाठवता येत नाही. तरी त्या दिवशी तिच्या स्क्रीनवर बाकीचा निरोप होता. राग नव्हता त्यात, आणि हेच तिला सोसेना.

‘बरं. मग आता तुम्ही बसाल ना त्यांच्याजवळ?’

अप्पांची दुपार ओस पडली. मावशींनी सांगितलं, ताटाकडे बघत नाहीत, दाराकडे बघत राहतात. फळा पुसलेला तो पुसलेलाच. संध्याकाळी थोरली जवळ बसली की विचारत, “ती का येत नाही हो?”

“अप्पा, मीच आहे. तुमची मुलगी.”

“मुलगी ऑफिसात असते,” अप्पा समजुतीने सांगत. “मी तिचं नाही विचारत.”

एकदा तिने हट्टाने खडू घेतला आणि फळ्यावर तेच वजाबाकीचं गणित मांडून, भराभरा सोडवून दाखवलं. अप्पांनी पाहिलं. ओठ हलले. तिला वाटलं, आता. आता म्हणतील.

“पायरी गाळलीस,” अप्पा म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

ते दिवसेंदिवस वाळत चालले. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही, मन लागत नाहीये यांचं.

७

शेवटी तिने ऑफिसात अर्ज दिला. काही दिवस अर्धा वेळ. दुपारी ती घरी यायला लागली. मावशी म्हणाल्या, “आलात? बरं झालं. मध्ये का खंड पाडलात?” आणि पिशवी घेऊन बाजाराला गेल्या.

पहिल्यांदा अप्पांनी मानही वळवली नाही. थोरली त्या दुसऱ्या खुर्चीत बसून राहिली. आपण कोण, हे सांगायचं तिने सोडून दिलं. खुर्ची तिच्या मापाची होती. हात टेकायच्या जागा झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि तिचे हात तिथे आपसूक जाऊन बसले. घरात पंख्याशिवाय आवाज नव्हता. बऱ्याच वेळाने तिने फळ्याकडे बोट दाखवलं आणि जन्मात न म्हटलेलं वाक्य म्हटलं.

“मला कळलं नाही. परत सांगा ना.”

अप्पांची मान हळूहळू वळली. चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग दिवा लावावा तसा तो उजळला.

“आलीस होय?” ते म्हणाले. “किती वाट बघायला लावलीस!”

त्या दुपारी ते जेवले. पुढच्या दुपारी जास्त जेवले. ते शिकवत, ती न कळल्याचं सांगत, आणि गंमत म्हणजे तिला खरोखरच पुष्कळ कळलेलं नव्हतं. ज्या गोष्टी ती इतकी वर्षं घोकून वापरत आली होती त्या आता आतून उघडत होत्या. बाकीने जे केलं होतं ते कसं सुचलं असेल, हे तिला दिसायला लागलं. आणि एका दुपारी अप्पांचा वाळलेला हात तिच्या पाठीवर पडला.

“शाब्बास, बाळ.”

तिने तोंड फिरवून डोळे पुसले. ही थाप आपली नाही, दुसऱ्या कुणाच्या नावावर आलेली आहे, आणि आपण ती मधल्यामध्ये घेतोय, हे तिला कळत होतं. तरी तिने ती घेतली. भुकेलं माणूस ताट कुणाचं ते विचारत नाही. त्या बाईला मी हाकललं, तिची जागा घेतली, आणि मी जिंकले, असं तिला वाटलं. त्या आनंदात जराशी घाणही होती, पण आनंद होता.

८

लांब्याचा फोन आला तेव्हा ती त्या खुर्चीतच होती. ऊन कलायला लागलं होतं.

“मघाशी गडबडीत बोलायचं राहिलं,” तो म्हणाला. “माफी मागितलीस, बरं केलंस. सगळ्यांसमोर लिहायचं म्हणजे मोठं मन लागतं. मी त्या दिवशी जरा जास्तच बोललो.”

“कुठली माफी?”

“हे बघ, आता लाजू नकोस. आणि ते बदल परत घेतलेस, वर स्वतःहून त्यात अजून भर घातलीस, कमाल आहे. मीटिंगमध्ये समजावून सांगितलंस तेव्हा साहेबसुद्धा वही बाजूला ठेवून ऐकत होते.”

“कधी?”

“आत्ता. दुपारी.” लांब्या हसला. “झोपेत आहेस का? आत्ता तर माझ्या समोरून गेलीस.”

तिने फोन ठेवला आणि त्यावरच ‘पडताळा’ उघडला. सूचना बदललेली होती. खाली तिचं नाव. ‘मी हेव्यापोटी खोटं लिहिलं. तो माणूस चोर नव्हता. चूक माझी होती, आणि ती मी पायरी न गाळता सांगते आहे.’ पुढे सगळं होतं, साधं आणि खरं, कुठेही सारवासारव नाही. असं लिहिणं आपल्याला जमलं नसतं, हे वाचतावाचताच तिच्या ध्यानात आलं. खाली लोकांचे निरोप. किती माया होती त्यांत.

मीच लिहिलं असेल, तिने स्वतःला समजावलं. झोप नीट नाही, जेवण नीट नाही. ऑफिसातून निघण्याआधी लिहिलं असेल आणि विसरले असेन. लांब्याचा दिवसांचा घोळ झाला असेल. सगळं बसवता येत होतं. पण हात गार पडले होते, आणि त्या गारठ्यातही तो जुना निखारा आत धुमसतच होता. ती तिथेही माझ्याहून बरी आहे. माझ्या खुर्चीत, माझ्या नावाने, माझ्याहून बरी.

“फोन ठेव तो,” अप्पा म्हणाले. “लक्ष दे इकडे.”

तिने फोन उलटा ठेवला. जाऊ दे. तिकडे काय व्हायचं ते होवो. ऑफिस घे, ‘पडताळा’ घे, माझं नावही घे. एवढी खोली मला पुरे. तिने खडू हातात घेतला आणि पुढची पायरी लिहिली, मग त्यापुढची, आणि लिहिता लिहिता भिंतीवरचं ऊन वर सरकलं आणि निघून गेलं.

बाहेर किल्ली फिरली.

मावशी केव्हा परत आल्या होत्या कोण जाणे. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, “आलात ताई? चहा ठेवते.”

आणि बोळातून कुणीतरी चपला काढत, पिशवी टेबलावर टाकत, थकून, जरा त्रासून म्हणालं, “ठेवा. अप्पांनी गोळ्या घेतल्या का?”

थोरलीच्या हातातला खडू निसटला. अप्पांनी तो लगबगीने उचलला आणि सदऱ्याच्या बाहीने फळा पुसायला लागले. भराभरा, चोरी पकडली जाईल अशा घाईने.

“जा आता तू,” ते कुजबुजले. “माझी मुलगी आली.”

“अप्पा—”

“हळू बोल. ऐकेल. बिचारी दमून येते.” ते तिच्याकडे झुकले. त्यांचे डोळे इतके स्वच्छ तिने कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. “माझ्याजवळ कुणी बसलेलं दिसलं की तिच्या पोटात दुखतं. लहानपणापासूनचं आहे. माझंच चुकलं, मी कधी तिला म्हटलं नाही काही. पण तुला म्हणून सांगतो, ती तुझ्याहून हुशार आहे. तिच्यासारखी मी दुसरी पाहिली नाही.”

जे ऐकायला ती सगळं आयुष्य कान लावून बसली होती, ते शब्द तिच्या समोर बोलले गेले होते आणि तिच्या अंगावरून पलीकडे गेले होते, दाराकडे.

पावलं बोळातून जवळ आली आणि दाराबाहेर थांबली. कुणीतरी तिथे भिंतीला टेकून उभं होतं. कपडे भिंतीला घासल्याचा आवाज तिने ऐकला, आणि रोखून धरलेला श्वास. मग लोटलेल्या दाराच्या फटीत एक डोळा आला. तिचाच. त्यात राग नव्हता, प्रश्न नव्हता. नुसती भूक होती, आणि ती कशाची, हे थोरलीला कुणी सांगायची गरज नव्हती.

“ऊठ ना, बाळ,” अप्पा विनवणीने म्हणाले.

थोरली उठली. खोलीला दार एकच होतं, आणि ते उघडत होतं.